सरूचा शेंडा

सरूचं लाकूड उभं करायचं तर जसं ते वाढलं तसंच उभं करायचं. बुडखा खाली, शेंडा वर. आमच्या खोऱ्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गोठ्याच्या खांबालासुद्धा हाच नियम. उलट्या खांबाच्या घरात माणसं सुधी वागत नाहीत म्हणतात. आमच्या गावातले सगळे खांब मी बसवलेत, सगळे सुलटे आहेत, आणि माणसं कशी वागतात ते तुम्हाला कळेलच.

मी वांगदा मिस्त्री. अडतीस वर्षं कुऱ्हाड आणि लाकूड तासायचा वाकस हातात आहे. भूतानच्या या कोपऱ्यात कुणाला दार, खिडकी, देव्हारा काहीही करायचं असलं की आधी माझ्या अंगणात येतात, चहा पितात, हवापाण्याचं बोलतात आणि मग मुद्द्यावर येतात. घाईत आलेल्या माणसाचं काम मी घेत नाही.

गेल्या वर्षी दुसऱ्या महिन्यात माझ्यावर दोन गोष्टी एकदम आल्या. नदीच्या वळणावर गावाने नवा स्तूप बांधला होता, त्याचा प्राणखांब करायचं काम आलं. आणि जावई आला.

जावयाचं आधी सांगतो. आमच्याकडे मुलगी सासरी जात नाही, मुलगाच येतो. म्हणजे गावातला एकूण एक बाप्या घरजावई. मीसुद्धा. तेहतीस वर्षांपूर्वी एक गाठोडं आणि एक वाकस घेऊन बिधाच्या घरी आलो तो आलोच. पण आम्ही सगळे आलो ते फार तर पलीकडच्या डोंगरावरून. निदुप आला तो पाच खिंडी ओलांडून, पार पूर्वेकडून. तिकडे भात नाही, मक्याच्या कण्या खातात. आमची लेक यांगडेन तिकडच्या एका शाळेत स्वयंपाकाला होती, येताना याला घेऊन आली. हा बोलायचा कमी, त्यातलं अर्धं आम्हाला कळायचं नाही. धनुष्य हातात दिलं तर बाण निशाणापेक्षा बघणाऱ्यांच्या जवळून जायचा.

"आपा, माणूस चांगला आहे," यांगडेन म्हणाली.

"कशात?" मी विचारलं.

"ते कळायला तुम्हाला वेळ लागेल."

आमच्याकडे बापाला 'आपा' म्हणतात. तोही आल्या दिवसापासून मला आपाच म्हणू लागला. मला ते जरा लवकर वाटलं.

आता प्राणखांब. स्तूपाच्या पोटात सरूचा एक खांब उभा असतो. तो कुणाला दिसत नाही, पण तो नसेल तर स्तूप म्हणजे नुसता चुन्याचा ढीग. झाड लामाजी स्वतः निवडतात. वीज पडलेलं नको, शेंडा मोडलेला नको, मुळाशी नागाचं बीळ नको. तोडण्याआधी शेंड्याच्या बाजूला मानाचं पांढरं रेशमी उपरणं बांधतात. मग झाड कुठूनही कुठेही न्या, उपरणं जिकडे तिकडे शेंडा. आम्हाला हवा होता नऊ हातांचा तुकडा, तो आम्ही खोडाच्या मधून काढला. दोन्ही टोकं सारखीच जाड. माझ्या अंगणात आणून ठेवला. त्याच आठवड्यात लग्न. अंगणात पाव्हणे, पाव्हण्यांची पोरं, कोंबड्या आणि मध्ये तो पवित्र ओंडका. मी त्याच्या उपरण्याच्या टोकाला निमुळतं केलं, दुसऱ्या टोकाला बैठक कोरली. आपलं आपल्याला म्हणू नये, पण काम देखणं झालं. निदुपला म्हटलं, "लाल रंग तरी लावता येतो का?" त्याने लावला. भिक्खूंनी त्यावर वरपासून खालपर्यंत मंत्र लिहिले, पिवळ्या रेशमात गुंडाळून खांब स्तूपात बसवला, वरून बांधून घेतलं, तीन दिवस पूजा झाली.

पूजा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लोणी घातलेला चहा पीत बसलो होतो. बिधा अंगणात सरूच्या डहाळ्यांची धुरी पेटवत होती. पेटवता पेटवता म्हणाली, "ते उपरणं मी धुतलं होतं हं. मला वाटलं, तुम्ही म्हणाल तरी, काय स्वच्छ दिसतंय."

"कुठलं उपरणं?"

"ओंडक्याचं. पोरांनी चिखलाचे पाय दिले होते त्यावर. देवाच्या कामाला असलं मळकं बरं दिसतं का? धुतलं, वाळवलं, परत बांधलं."

"कुठे बांधलंस?"

"ओंडक्याला. आणखी कुठे, गाईला?"

"बिधा, कुठल्या टोकाला?"

"टोकाला हो. माझ्याकडच्या."

"तू कुठे उभी होतीस?"

ती उठली. कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी जाऊन उभी राहिली आणि हात पुढे करून दाखवलं. ओंडका तिथे होता तेव्हा त्या बाजूला बुडखा होता. चहावर लोण्याची साय धरली.

ओंडक्यावरच्या गाठी बघायला मला वेळ नव्हता, असं मी तुम्हाला सांगणार होतो. ते खोटं आहे. कापड काय, कुणीही सोडेल आणि बांधेल. लाकडावर फांदीच्या गाठी असतात, गाठीतली रेघ आतून बाहेर येताना वर चढते, तिच्यावरून नवशिक्यालाही शेंडा कळतो. मला वाटलं, मला बघायची गरज नाही. वांगदा मिस्त्रीला काय बघायचं?

"आता?" बिधा म्हणाली.

"आता काय! पूजा झालेला स्तूप उघडणं म्हणजे महापाप. उलटा ठेवणं म्हणजेही पाप."

"थोरल्या गुरूंनी आपली काठी उलटी रोवली, तिचाच वरच्या मठातला सरू झाला ना?"

"त्यांनी रोवली म्हणून झाला. मी गुरू नाही, मी सुतार आहे."

"मग गप्प बसा," ती म्हणाली. मी बसलो, तोंडात मूग धरून. वरच्या मठाचं नवं छत माझ्याकडेच येणार असं बोललं जात होतं. असलं काम आयुष्यात एकदा येतं. हेही सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला माझ्याबद्दल उगाच चांगलं वाटायला नको.

पाचव्या महिन्यात मुखिया दोफूची दुभती गाय कड्यावरून पडली. सहाव्यात गारा आल्या आणि कुटूचं सगळं पीक झोपलं. सातव्यात खालच्या गावाशी धनुष्यबाणाचा सामना झाला, त्यात आम्ही असे हरलो की त्यांच्या बायकांनी आमच्यावर नवं गाणं रचलं आणि ते आमच्याच पोरी गुणगुणू लागल्या. चेंचो आमचा मुख्य धनुर्धारी. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्याच्याकडे बघूनच कुणाला तरी सुचलं असावं. तो म्हणाला, "माझा बाण सुटतो सरळ. मध्येच कुणीतरी वाकवतं."

आठव्या महिन्यात गावाने ज्योतिषी बोलावला. त्याने पोथी काढली, खडे मांडले, दोन भांडी आरा, म्हणजे आमची घरची दारू, प्यायला आणि म्हणाला, "दुसऱ्या महिन्यात गावात जे नवीन आलं, ते गावाला मानवत नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! दुसऱ्या महिन्यात दोन गोष्टी आल्या होत्या. पण स्तूपाकडे कोण बोट दाखवणार? सगळ्या माना हळूच निदुपकडे वळल्या. तो मागच्या रांगेत कुणाच्या तरी पोराला मांडीवर घेऊन बसला होता. मी माझ्या गुडघ्याकडे बघत होतो. गुडघ्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोफू माझ्या घरी आला. आराची बाटली आणि सहा अंडी घेऊन. आधी चहा प्यायला. मग हवापाण्याचं बोलला. मी समजलो.

"मिस्त्री, मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "पोरगा वाईट आहे असं कुणाचंच म्हणणं नाही. पण काही दिवस त्याने आपल्या गावी जाऊन यावं. गावाचं मन शांत होईपर्यंत."

"काही दिवस."

"काहीच दिवस."

चेंचोच्या बहिणीचा नवरा असाच काही दिवसांसाठी गेला होता. त्याला अकरा वर्षं झाली. यांगडेनला सातवा महिना चालू होता. पाच खिंडी ओलांडून ती त्याच्याबरोबर जाणं शक्य नव्हतं. म्हणजे पोर जन्मायचं ते बापाशिवाय, आणि वाढायचंही तसंच. हे दोफूला कळत होतं, मला कळत होतं. मी म्हणालो, "बघू."

दोफू गेल्यावर यांगडेन आतून आली. पोटावर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"आपा, गाव तुमचं ऐकतं. एक शब्द बोला."

"बघू म्हटलं ना."

"तुमचं 'बघू' म्हणजे 'नाही'. लहानपणापासून ऐकतेय."

"गावापुढे कुणाचं चालतं का?"

"तुमचं चालतं. दार कुठल्या दिशेला असावं यावरून तुम्ही अख्ख्या गावाशी भांडलात, तेव्हा चाललं. आता माझ्या नवऱ्यावरून तुम्हाला एक वाक्य सुचत नाही!"

माझ्याकडे वाक्य होतं. चांगलं सुटसुटीत वाक्य होतं, रोज जिभेवर यायचं आणि तिथेच बसायचं. बिधाने ती सहा अंडी शिजवली नाहीत. चुलीशेजारी नुसती ठेवून दिली. जेवताना आम्ही चौघं मिरची-चीज आणि लाल भात खात होतो आणि अंडी आमच्याकडे बघत होती. मला तेव्हा स्वतःची खरंच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून तोंड उघडतंच असं नाही.

निदुपने काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाठोडं बांधलं. आत यांगडेन रडत होती, बिधा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि माझ्याकडे असं बघत होती की मी म्हणालो, "मी सोडतो त्याला वळणापर्यंत." घरात थांबण्यापेक्षा ते बरं होतं.

वळणावर तोच स्तूप. निदुपने गाठोडं खाली ठेवलं, स्तूपाला उजवीकडून तीन फेऱ्या घातल्या, कपाळ टेकवलं. मग गाठोड्याची गाठ घट्ट करता करता म्हणाला, "आपा, पुढच्या वेळी खूण कापडाची नका करू. कुऱ्हाडीने खाच मारा. खाच कुणी धूत नाही."

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. त्याचं बोलणं मला तसंही अर्धंच कळायचं. पण हे सगळं कळलं होतं.

"तुला कधी समजलं?"

"रंग लावताना. उपरणं दोरीवर वाळताना दिसलं होतं, म्हणून गाठी बघितल्या."

"मग बोलला का नाहीस?"

"आठ दिवसांचा जावई होतो मी. बोलायलाच आलो होतो. तेव्हा तुम्ही पाव्हण्यांना सांगत होता, अडतीस वर्षांत माझा एक खांब वाकडा दाखवा. पाव्हणे हसत होते, तुम्ही खूश होता. मी परत जाऊन रंगाचा दुसरा हात लावला."

"आणि नंतर? गाव तुझ्या नावाने ओरडत होतं तेव्हा?"

"तेव्हा मला बरंच वाटलं." तो हे अगदी साधेपणाने म्हणाला. "माझ्यावर आलं म्हणजे स्तूपाकडे कुणी बघणार नाही. तुमचं नावही राहील. आणि खरं सांगू का आपा, गाव म्हणतं ते सगळंच खोटं नाही. रंग ओला होता तोवर बोलायला हवं होतं. मी गप्प बसलो. ती चूक माझीच ना?"

सहा महिने हा माणूस माझ्या ताटाशेजारी बसून जेवत होता. मी त्याला मक्याच्या कण्यांवरून टोमणे मारत होतो, आणि माझं झाकलेलं सगळं त्याला माहीत होतं. मी मिस्त्री. मला लाकडाचा शेंडा कळला नाही आणि माणसाचाही नाही.

मी त्याचं गाठोडं उचललं आणि माझ्या पाठीवर टाकलं.

"आपा, रस्ता इकडे आहे."

"मला रस्ता शिकवू नकोस. चल."

गावातले बाप्ये मैदानात होते. शेतात काही उरलं नव्हतं, त्यामुळे सराव जोरात होता. मी दोन निशाणांच्या बरोबर मध्ये जाऊन उभा राहिलो. चेंचो ओरडला, "मिस्त्री, बाजूला व्हा, लागेल!"

"तू नेम धरलायस ना? मग नाही लागत."

सगळे हसले. मग माझ्या पाठीवरचं गाठोडं दिसलं आणि हसू थांबलं. मी सांगून टाकलं. प्राणखांब उलटा आहे. शेंडा खाली आहे, बुडखा वर. मी कापड बघितलं, लाकूड नाही. सहा महिने मला माहीत आहे. या पोराचा काही संबंध नाही. बिधाचं नाव मी घेतलं नाही. धुणं काही पाप नव्हे.

मग दोफू पुढे आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मिस्त्री, सासरा असावा तर असा," तो म्हणाला.

"काय?"

"जावयासाठी स्वतःच्या नावाला काळं फासून घेताय. आम्हाला काय कळत नाही? तुमच्या हातून, आणि उलटा खांब!"

"अरे, उलटाच आहे!"

"बरं, बरं."

"बरं काय! गाढवांनो, मी केलाय, मी सांगतोय!"

"बघा, किती जीव आहे पोरावर," चेंचो म्हणाला. "पण मिस्त्री, ज्योतिष्याने सांगितलंय. पोराला जावं लागेलच."

अडतीस वर्षं मी नाव कमावलं होतं, आणि आता ते टाकून द्यायला निघालो तर कुणी घेईना. मी यांगडेनवर तिच्या लहानपणीसुद्धा ओरडलो नाही तेवढा त्या मैदानात ओरडलो. शेवटी निदुपचा हात धरला आणि तसाच चढ चढून लामाजींकडे गेलो. सगळं गाव मागे.

लामाजी म्हातारे, कानाने जड. त्यांनी सगळं दोनदा ऐकलं. मग विचारलं, "उघडून खोटं निघालं तर?"

"तर मीच गाव सोडतो," मी म्हणालो.

"आणि खरं निघालं तर?"

"तर वाकस खाली ठेवतो. हा मात्र राहील."

आठ दिवसांनी, चांगला मुहूर्त बघून, क्षमेची पूजा करून स्तूपाचा माथा उघडला. सहा जणांनी खांब वर काढून चटईवर ठेवला. रेशीम सोडलं. लाल रंग अजून ताजा दिसत होता. लामाजींनी कमरेची सुरी काढून गाठीवरचा रंग खरवडला. बघितलं. दुसरी गाठ खरवडली. तिच्यातली रेघ खाली बैठकीकडे चढत होती. मैदानात माझ्यासाठी डोळ्यांत पाणी आणणारा दोफू आता माझ्याकडे बघत नव्हता.

"उलटा आहे," लामाजी म्हणाले.

"म्हणूनच गारा पडल्या!" चेंचो म्हणाला.

"गारा ढगातून पडतात. तुझा बाण तुझ्या हातातून सुटतो. खांब उलटा आहे हे मात्र खरं. आज एवढंच दुरुस्त होईल."

वरच्या मठाचं छत खालच्या गावच्या मिस्त्रीला मिळालं. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. चार दिवस जेवण गोड लागलं नाही. खांब निघाला त्याच दिवशी बिधाने ती सहा अंडी फेकून दिली. तोवर त्यांना वासच यायला लागला होता.

नव्या खांबासाठी लामाजींनी नवा सरू निवडला. या वेळी कुऱ्हाड निदुपच्या हातात होती, मी दोरी धरायला. तोडण्याआधी त्याने शेंड्याकडच्या बाजूला खाच मारली. ओंडका अंगणात आल्यावर त्याने खाच बघितली, गाठी बघितल्या, मग मला हाक मारली.

"आपा, बघता का?"

"तू बघितलंस ना? बरोबर आहे."

"बघा तरी."

मी गुडघ्यांवर बसलो आणि सगळ्या गाठी बघितल्या. एकूण अकरा. शेवटच्या दोन मला नीट दिसल्या नाहीत, डोळे भरून आले होते. तो समोर उभा राहून थांबला होता. त्याने घाई केली नाही.

अकराव्या महिन्यात यांगडेनला मुलगी झाली. नव्या वर्षाला खालच्या गावाशी पुन्हा सामना झाला. स्तूप सुलटा, गावात कुणी अपशकुनी नाही, आरा भरपूर. आम्ही मागच्यापेक्षा वाईट हरलो. त्यांच्या बायकांनी जुनंच गाणं म्हटलं, फक्त दोन कडवी वाढवून.

आमच्या बाजूला सगळे माना खाली घालून उभे होते. मग एकेक मान वर झाली आणि सवयीने मागे वळू लागली, जिथे निदुप पोरीला पाठीवर बांधून उभा होता तिकडे. आधी चेंचोची, मग दोफूची, मग बाकीच्यांची.

मी पुढे जाऊन त्याच्यासमोर उभा राहिलो.

"इकडे बघा," मी म्हणालो. "कुणाकडे तरी बघायचंच असेल तर माझ्याकडे बघा."

बराच वेळ त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही हललो नाही. मागे पोर रडायला लागली आणि निदुप तिला त्याच्या पूर्वेकडच्या भाषेत काहीतरी समजावत राहिला.